किल्ले बोलतात कसे?

ऐतिहासिक वास्तूची कथा तिच्यासमोरच, नटांशिवाय, केवळ ध्वनिमुद्रित आवाज आणि बदलता उजेड यांतून सांगणाऱ्या ध्वनी-प्रकाश कार्यक्रमांची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. पोल रोबेर-उदँ यांनी १९५२ मध्ये शांबोरच्या राजवाड्यात पहिला प्रयोग केला. त्यांचे आजोबा झां-युजेन रोबेर-उदँ हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित जादूगार. प्रेक्षकाची नजर कुठे गुंतवायची आणि काय अंधारात ठेवायचे, ही जाण घरातलीच होती म्हणायची. गिझाच्या पिरॅमिडांसमोर १९६१ मध्ये स्फिंक्स बोलू लागला, तर दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ मध्ये मोगल दरबार ऐकू येऊ लागला. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये कथा सांगतो तो आवारातला पिंपळ, ओम पुरी यांच्या आवाजात. सावरकरांमुळे मराठी पर्यटक तिथे आवर्जून जातात. कोठड्यांच्या सात रांगांपैकी आज तीनच उभ्या आहेत. उरलेल्या चार ऐकूनच कल्पाव्या लागतात.

या कार्यक्रमांत अवघड बाजू आवाजाची असते. २० अंश सेल्सिअसला आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. नाट्यगृहात त्याला लागणारा वेळ जाणवत नाही, किल्ल्यात जाणवतो. दरवाज्यावर लावलेल्या स्पीकरचा आवाज ७० मीटरवरच्या शेवटच्या रांगेत पोहोचायला पाचवा हिस्सा सेकंद लागतो. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते, म्हणून मागच्यांसाठी जवळ दुसरा स्पीकर लावावा लागतो. दोन्ही एकाच क्षणी वाजवले, तर मागच्या प्रेक्षकाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते: आधी शेजारच्या स्पीकरमधून, मग दरवाज्याकडून.

यावरचा तोडगा श्रवणाच्या एका गुणधर्मात आहे. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवले, की तोच आवाज साधारण ३० सहस्रांश सेकंदांच्या आत पुन्हा कानावर पडला, तर मेंदू दोन्ही आवाज एकत्र करतो आणि जो आधी आला त्याच्याच दिशेला श्रेय देतो. नंतरचा आवाज काहीसा मोठा असला तरीही. म्हणून जवळच्या स्पीकरचा आवाज इलेक्ट्रॉनिक उपकरणाने तेवढा काळ रोखून धरतात, की दरवाज्याकडचा आवाज किंचित आधी पोहोचावा. शब्द शेजारून स्पष्ट ऐकू येतात आणि बोलतो आहे तो दरवाजाच, असा भास होतो. वास्तू बोलते ती अशी.

घोड्यांच्या टापा डावीकडून उजवीकडे जाताना ऐकू येतात, त्यामागेही कानांचे गणित असते. बाजूने येणारा आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका आधी पोहोचतो, आणि एवढ्याशा फरकावरूनही मेंदू दिशा ओळखतो. घरच्या स्टिरिओची दोन स्पीकरांची युक्ती मात्र इथे लंगडी पडते, कारण तिचा परिणाम मधोमध बसलेल्यांनाच नीट मिळतो. म्हणून चांगल्या कार्यक्रमात टापा तटावर ओळीने ठेवलेल्या वेगवेगळ्या स्पीकरांतून खरोखरच पुढे सरकवतात.

दगडी भिंती आवाज फारच थोडा शोषतात. बाकीचा परत फेकतात. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाज्याखाली वाजवलेली टाळी सुमारे एक किलोमीटरवरच्या बालाहिसारला ऐकू येते, याचे गाइडला कौतुक असते. ध्वनियोजना करणाऱ्याला मात्र हेच परावर्तन छळते. निवेदन समोरच्या बुरुजावर आपटून सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने परतले, की अक्षरे एकमेकांवर चढतात. एकच मोठा भोंगा टाळून प्रेक्षकांकडे रोखलेले अनेक छोटे स्पीकर लावायचे ते यासाठी. निवेदन सावकाश, छोट्या वाक्यांत असते, यालाही नाट्यमयतेपेक्षा हा प्रतिध्वनीच अधिक जबाबदार आहे.

प्रकाशाचा हिशेब वेगळा आहे. २०,००० ल्युमेनचा शक्तिशाली प्रोजेक्टर ५० मीटर रुंद आणि २० मीटर उंच तटावर रोखला, तर त्याचा उजेड हजार चौरस मीटरवर पसरून प्रत्येक ठिकाणी जेमतेम २० लक्स उरतो. पौर्णिमेच्या चांदण्याच्या (पाव लक्स किंवा कमीच) मानाने हे भरपूर; पण शेजारच्या रस्त्यावरचे दिवे तटावर १० लक्स टाकत असतील, तर चित्रातला काळा रंग काळा राहत नाही. महागडा प्रोजेक्टर आणण्याआधी समोरचे दिवे झाकणे हा स्वस्त आणि बहुधा विसरला जाणारा उपाय आहे.

दगडाचा रंगही निकाल फिरवतो. संगमरवर सगळे रंग परत पाठवतो. लाल वालुकाश्म तांबडा राखतो आणि निळा गिळतो. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट बहुतेक उजेड शोषूनच घेतो. अशा दगडावर समोरून चलच्चित्र टाकण्यापेक्षा भिंतीच्या पायथ्याशी दिवा ठेवून उजेड घासून वर सोडणे कितीतरी परिणामकारक. टाकीच्या प्रत्येक घावाची सावली पडते आणि दिवसा सपाट दिसणारी भिंत खडबडीत, जुनी दिसू लागते. अलीकडच्या ‘प्रोजेक्शन मॅपिंग’मध्ये वास्तूचे लेसरने मोजमाप घेतात, तिच्या उंचवट्यांनुसार संगणकावर चित्र वाकवतात आणि शेजारच्या प्रोजेक्टरांच्या कडा एकमेकींत विरघळवतात. तंत्र विलक्षण आहे, पण त्यात वास्तूचा पुष्कळदा नुसता पडदा होतो. शनिवारवाड्यासारख्या ठिकाणी तर तेही फारसे उपयोगी नाही. १८२८ च्या आगीनंतर तिथे तटबंदी, दरवाजे आणि जोती एवढेच उरले. महाल उभे करायचे ते आवाजानेच.

प्रेक्षकाचा डोळाही या यंत्रणेचा भाग असतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्याला २० ते ३० मिनिटे लागतात. मंद उजेडात दृष्टिपटलातील दंडपेशी काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत, तांबडा तर जवळपास काळाच वाटतो, निळसर-हिरवा त्या मानाने उजळ. रात्रीचा प्रसंग निळ्या प्रकाशात दाखवण्याचा संकेत या शरीरधर्माशी जुळतो. मधेच कोणी मोबाइल उघडला, की त्याचा आणि शेजाऱ्याचा सराव मोडतो.

हे सगळे जुळवून आणणारी यंत्रणा पूर्वी टेपचे यंत्र आणि डिमरवर बसलेला कर्मचारी अशी असे. आता ध्वनिफितीसोबत धावणारा वेळेचा संकेत प्रत्येक दिव्याला हुकूम सोडतो. त्यासाठी १९८६ पासून वापरात असलेल्या डीएमएक्स-५१२ या पद्धतीत एका तारेवर ५१२ वाहिन्या असतात आणि प्रत्येकीला ० ते २५५ यांपैकी एक तीव्रता मिळते.

वास्तूच्या दृष्टीने एलईडीचा फायदा झाला. जुने तंतूचे दिवे बहुतेक वीज उष्णतेत घालवत. एलईडी थंड असतात आणि त्यांच्या प्रकाशात अतिनील किरण जवळपास नसतात. चित्रांनी रंगवलेल्या भिंतींवर मात्र प्रखर झोत नकोच. संग्रहालये नाजूक रंगांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात. तारांसाठी दगडाला भोक पाडणे हा उजेडापेक्षा मोठा धोका असतो.

शेजाऱ्यांचाही प्रश्न उरतोच. रात्री जमीन आधी थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि आवाज वर निघून जाण्याऐवजी खाली वाकून दूरवरच्या घरांत पोहोचतो. भारतात २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपकांना मनाई आहे. पुरेसा अंधार पडल्यापासून दहापर्यंत दोन, फार तर तीन खेळ बसतात, आणि पावसाळ्यात तेही नाहीत.