कोऱ्या कागदावर अंगठा देण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्याचं रूपच पालटतं. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगरच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रीघ लागते, फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. अंधारात चालणारा कोयता, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणं, या कामाला अपघात पाचवीलाच पुजलेला. कुणाचा अंगठा जातो, कुणाची कंबर. मग दवाखान्याचं बिल भरलं जातं, काही हजार रुपये हातावर टेकवले जातात आणि एका कागदावर सही किंवा अंगठा घेतला जातो. घरच्यांना वाटतं, विषय संपला. कायद्याने तो संपत नाही.

कामावरच्या अपघाताची भरपाई देणारा कायदा 1923 सालचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण मूळ हक्क कायम आहेत. त्याबद्दलचे गैरसमज मात्र गावोगाव ऐकू येतात.

गैरसमज : चूक माझीच होती, मग भरपाई कसली?
वस्तुस्थिती : इथे मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे इजा झाली, एवढं पुरेसं असतं. घाईत हात सटकला म्हणून हक्क जात नाही. नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं ही कारणं मालक पुढे करू शकतो. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर तीही चालत नाहीत.

गैरसमज : हा कायदा कायम नोकरीवाल्यांसाठी आहे.
वस्तुस्थिती : हंगामी आणि रोजंदारीवरच्या माणसालाही तो लागू आहे. शेतीकाम त्याच्या यादीत आहे. साखर कारखाना हंगामी धरला जात असल्याने तिथल्या कामगाराला सहसा कर्मचारी राज्य विम्याचं (ईएसआय) छत्र नसतं, म्हणून त्याला तर याच कायद्याचा आधार. माणसं ठेकेदाराची असली, तरी काम मुख्य मालकाच्या धंद्याचा भाग असेल आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या जागी झाला असेल, तर त्याच्याकडेही भरपाई मागता येते.

गैरसमज : देतील ती रक्कम घ्यायची.
वस्तुस्थिती : रकमेला सूत्र आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचे 50 टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात 60 टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक 207.98. अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं कायद्याचं परिशिष्ट धरतं. महिना 12,000 रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या मजुराचा अंगठा तुटला, तर पूर्ण अपंगत्वाच्या रकमेच्या 30 टक्के धरून हिशेब जवळपास 4 लाख 49 हजारांवर जातो. औषधपाण्याचा खर्च त्याशिवाय वेगळा. महिनाभरात पैसे दिले नाहीत, तर 12 टक्के व्याज लागतं आणि दंडही होऊ शकतो.

गैरसमज : 'काही मागणे नाही' असं लिहून दिलं, आता दार बंद.
वस्तुस्थिती : कायद्याने दिलेला हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मृत्यूच्या प्रकरणात तर रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात परस्पर पैसे दिल्याने मालकाची जबाबदारी फिटत नाही.

गैरसमज : कामावर जाताना झालेला अपघात आपल्या नशिबाचा.
वस्तुस्थिती : शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात साखर कारखान्याचा एक रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना त्याचा अपघाती मृत्यू झाला. कुटुंबाला मंजूर झालेले 3,26,140 रुपये उच्च न्यायालयात नाकारले गेले. 28 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा मिळवून दिले. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसला, तर घर ते कामाचं ठिकाण हा प्रवासही कामातच धरला जातो. नव्या संहितेतही हे नमूद आहे.

गैरसमज : आम्ही बीडचे, खटला इथे कोण चालवणार?
वस्तुस्थिती : अपघात झाला तिथे किंवा अर्जदार राहतो तिथे, दोन्हीकडे दावा करता येतो. माळशिरसच्या फडात जखमी झालेला मजूर आपल्या जिल्ह्यात अर्ज देऊ शकतो. इथल्या माणसाने सोलापूरच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात चौकशीला सुरुवात करावी. मात्र दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

शेवटी सारं पुराव्यावर येऊन ठेपतं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या 'कामावर इजा झाली' असं केसपेपरवर लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. तोडचिठ्ठी, वजनाची पावती, उचलीचा कागद, हजेरीवहीचा मोबाइलवर काढलेला फोटो जपून ठेवा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा, कारण हंगाम संपला की टोळी पांगते. मालकाला लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

आणि कोरा कागद पुढे आला, तर अंगठा उठवू नका. आधी तो वाचता येणाऱ्या कुणाला तरी दाखवा. ही भरपाई कुणाची मेहेरबानी नाही, कामात गमावलेल्या कमाईचा तो मोबदला आहे.