जुन्या फलकाची निवृत्ती

पुण्याच्या पेठांत, गिरगाव-दादरच्या चाळींत आणि तालुक्याच्या गावांतील जुन्या बंगल्यांत अजूनही अशी घरे आढळतात, की ज्यांच्या दाराआड, छताला भिडलेल्या लाकडी फळीवर, चिनी मातीचे पांढरे किटकॅट फ्यूज ओळीने बसलेले असतात आणि त्यांच्या शेजारी लोखंडी पेटीतला तो मेन स्विच असतो, ज्याचा दांडा ओढताना माणूस नकळत मान वळवून घेतो. या किटकॅटांचा दोष त्यांच्या वयात नाही. फ्यूज हे उपकरण मूलतः प्रामाणिक आहे: प्रवाह मर्यादेबाहेर गेला की त्यातली बारीक तार वितळते आणि मार्ग खंडित होतो. दोष आहे तो ती तार बदलणाऱ्या हातांचा. ठरावीक जाडीची फ्यूजतार घरात संपली, की कोणीतरी वायरच्या तुकड्यातून तांब्याचे चार पदर काढून, त्यांना पीळ देऊन, स्क्रूखाली आवळून मोकळा होतो. दिवे लागतात, सर्वांना हायसे वाटते, आणि त्या घटकेपासून पाच अँपिअरसाठी बसवलेला फ्यूज त्याच्या कितीतरी पट प्रवाह निमूटपणे जाऊ देतो. मग वितळते ती तार नव्हे, भिंतीतील वायरीचे आवरण.

असा फलक काढून त्या जागी एमसीबींची, म्हणजे आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, डीबी (वितरण पेटी) बसवणे हे काम वरकरणी एका दिवसाचे वाटते, आणि पुष्कळ गृहस्थ पेटी विकत आणून वायरमनला निरोप धाडला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजतात. वस्तुतः फलक हा घरातील विद्युतव्यवस्थेचा केवळ दर्शनी भाग होय. त्याच्या मागे भिंतींत जे काही वर्षानुवर्षे जोडले, तोडले, उसने घेतले गेले, त्याची कैफियत नवा फलक बसताक्षणीच मागू लागतो. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी घराची फेरिस्त करावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

फेरिस्त करण्याची रीत साधी आहे. मेन बंद करून एकेक किटकॅट काढावा, मेन पुन्हा लावावा आणि कोणत्या खोलीतील कोणता दिवा, पंखा, प्लग मुका झाला ते लिहून ठेवावे. जुन्या घरात या चौकशीतून चमत्कारिक नाती उघडकीस येतात: देवघरातील दिवा न्हाणीघराच्या गिझरबरोबर विझतो, माडीवरचा पंखा स्वयंपाकघरातील मिक्सरच्या फ्यूजवर चालतो. यासोबत प्रत्येक उपकरणाचा भार मांडावा. २३० व्होल्टवर दोन हजार वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. वातानुकूलन यंत्र, इस्त्री आणि धुलाईयंत्र यांचे आकडे त्यांच्या पाठीवरील पट्टीवर असतात. सकाळच्या घाईत यांतील काय काय एकाच वेळी चालते, याचा अंदाज घरातील बाईमाणसांना असतो, वायरमनला नसतो. तो त्यांनाच विचारावा. बेरीज वीजबिलावर छापलेल्या मंजूर भाराच्या पुढे जात असेल, तर प्रथम वीज कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा.

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या संसारालाही दिव्या-पंख्यांचे दोन मार्ग, सामान्य प्लगांचा एक, स्वयंपाकघराचा एक, फ्रिज, गिझर, वातानुकूलन आणि धुलाईयंत्र यांचे प्रत्येकी एक, असे आठ मार्ग सहज होतात. तेव्हा आठाची नव्हे, बाराची डीबी घ्यावी. रिकाम्या जागेची किंमत किरकोळ असते. पुढे जागा अपुरी पडली तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

एमसीबी निवडताना सामान्य ग्राहक एका गोष्टीत हमखास फसतो. एमसीबी उपकरणाचे रक्षण करण्यासाठी नसून वायरीचे रक्षण करण्यासाठी असतो, ही गोष्ट ध्यानात न घेता, खटका वारंवार पडतो या सबबीवर दहाच्या जागी वीसचा, वीसच्या जागी बत्तीसचा अशी चढती भाजणी लावली जाते आणि तांब्याचे पीळ घातलेल्या किटकॅटचाच अवतार नव्या प्लास्टिकमध्ये पुन्हा जन्म घेतो. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीवर सहा किंवा दहा, अडीचच्या वायरीवर सोळा, चारच्या वायरीवर वीस अँपिअर, ही साधारण मर्यादा सोडू नये. अंकाच्या आधी ‘बी’ किंवा ‘सी’ हे अक्षर असते. अचानक उसळलेला प्रवाह अंकित मर्यादेच्या तीन ते पाच पट झाला की ‘बी’ तत्क्षणी तुटतो. ‘सी’ पाच ते दहा पट होईपर्यंत कळ काढतो, म्हणून मोटार असलेल्या उपकरणांना तो मानवतो. दुकानात न विचारता बहुधा ‘सी’च हातात ठेवतात.

परंतु एमसीबी कितीही उत्तम असला, तरी तो माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवत नाही. ज्या प्रवाहाने हृदयाची लय बिघडू शकते, तो सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या हिशेबी नगण्य असतो. त्यासाठी आरसीसीबी हवा, ज्याला दुकानदार अजूनही ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही याची तो अखंड तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच क्षणार्धात पुरवठा तोडतो. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबी स्वस्तात मिळाले म्हणून घेऊ नयेत. ते आगीच्या प्रतिबंधासाठी आहेत, माणसासाठी नव्हेत. साऱ्या घराला एकच आरसीसीबी लावला, तर न्हाणीघरातील एका ओल्या प्लगमुळे फ्रिजही बंद पडतो. गावाला गेलेल्या कुटुंबाला परतल्यावर त्याचा वास येतो. दोन आरसीसीबींत मार्ग विभागावेत, किंवा ऐपत असल्यास फ्रिजला स्वतंत्र आरसीबीओ, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी यांचे काम एकत्र करणारा खटका, द्यावा.

आणि येथेच जुन्या घराची खरी परीक्षा होते. आरसीसीबीच्या पुढील प्रत्येक मार्गाचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या पट्टीवर परतला पाहिजे. पूर्वीच्या वायरमनांनी, वायर वाचावी म्हणून, जवळ दिसेल तो न्यूट्रल उचलून जोडलेला असतो. जिन्याच्या दिव्याला एका मजल्याचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असतो. इन्व्हर्टर बसवायला आलेल्या माणसाने तर न्यूट्रलांची सरमिसळ करून ठेवलेली असते. किटकॅटच्या राज्यात हे सारे खपून जाते. नवा फलक लागला, की आरसीसीबी दिवसातून दहा वेळा पडतो, घरचे वैतागतात, आणि कोणीतरी ‘पीस खराब आहे’ असा निर्वाळा देऊन तो वगळून थेट जोडणी करतो. इतका खर्च करून घर पुन्हा होते तसेच उघडे पडते. पडणारा आरसीसीबी बहुतेक वेळा खरेच बोलत असतो. त्याला गप्प करण्याऐवजी न्यूट्रल शोधण्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी. अर्थिंगचीही खातरजमा करावी, कारण तिसऱ्या पिनेचे भोक असणे आणि त्यामागे जमिनीपर्यंत पोचलेली तार असणे या भिन्न गोष्टी आहेत.

खरेदीसाठी मुंबईकरांना लोहार चाळ आणि पुणेकरांना बुधवार पेठेतील तपकीर गल्ली ठाऊक असतेच. डीबी, एमसीबी आणि आरसीसीबी एकाच उत्पादकाचे घ्यावेत, कारण त्यांना जोडणारी तांब्याची फणीदार पट्टी दुसऱ्याच्या मापात नीट बसेलच असे नाही. एमसीबी हातात घेऊन पाहावा: दर्शनी बाजूस ‘सी १६’ असा अंक, त्याखाली चौकटीत ६००० किंवा १०००० हा शॉर्ट सर्किट तोडण्याची क्षमता सांगणारा आकडा, आणि आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल हा परवाना क्रमांक. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तिथल्या तिथे पडताळता येतो. पक्के बिल मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्या दुकानातून उतरावे. वायरींची टोके आवळण्यासाठी लग, पेटीच्या भोकांसाठी ग्लँड, रिकाम्या जागा झाकण्याच्या पट्ट्या, या क्षुल्लक वस्तू यादीत राहून जातात आणि दुपारी दोन वाजता, घरात वीज नसताना, त्यांच्यासाठी कोणाला तरी पिटाळावे लागते.

प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मेन स्विच बंद असला तरी मीटरकडून येणारी बाजू जिवंतच असते, आणि मीटरच्या सीलला हात लावण्याचा अधिकार घरमालकासही नाही. पुरवठा सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने, प्रत्येक मार्ग तपासवावा; एक मेगओहमच्या खाली आलेली वायर नव्या फलकाला जोडू नये. प्रवाहाच्या उष्णतेने स्क्रू सैल होतात, यास्तव महिन्याभराने ते पुन्हा आवळून देण्याचे वायरमनकडून कबूल करून घ्यावे, आणि मजुरीचा शेवटचा हप्ता त्या फेरीपर्यंत हातचा राखावा.