डर्बीच्या आदल्या दिवशी पोहोचा

कोलकात्याला फुटबॉल पाहायला निघालेला माणूस आधी एकच तिकीट शोधतो: मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल ही डर्बी, सॉल्ट लेक स्टेडियम. शोधावंच. 13 जुलै 1997 रोजी फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्याला इथे 1 लाख 31 हजारांहून जास्त प्रेक्षक होते. बायचुंग भुतियाने हॅट्‌ट्रिक मारली आणि ईस्ट बंगाल 4-1 असं जिंकलं. पुढे 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी डागडुजी झाली आणि क्षमता साठ-सत्तर हजारांच्या घरात आली. दोन्ही बाजूंचे घसे मात्र तसेच आहेत. पण थेट स्टेडियम गाठून थेट परतणाऱ्याला ही माणसं इतक्या पोटतिडकीने का ओरडतात, ते उमगत नाही. त्यासाठी एक दिवस आधी पोहोचावं आणि तो शहराच्या मध्यावरच्या ‘मैदान’ नावाच्या मोकळ्या परिसरात घालवावा.

कधी जावं?

पाऊस सोसत असेल तर जूनअखेर ते ऑगस्ट. कलकत्ता फुटबॉल लीग 1898पासून चालू आहे; तिचे सामने याच दिवसांत, बहुधा दुपारी, चिखलात होतात. तिकीट स्वस्त असतं. मात्र हल्ली काही सामने कल्याणी, नैहाटी, बराकपूरलाही होतात, म्हणून ठिकाण पाहूनच निघावं. 1888 साली सिमल्यात सुरू झालेला ड्युरँड चषक 2019पासून कोलकात्यात खेळला जातो, तोही याच सुमारास.

डर्बीच्या तारखेवर मात्र विसंबू नका. जानेवारी 2025मधली इंडियन सुपर लीगची डर्बी गंगासागर मेळ्याच्या बंदोबस्तामुळे थेट गुवाहाटीला हलवावी लागली होती. विमानाचं, हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्यावं.

आदला दिवस

मेट्रोने एस्प्लनेडला उतरून मैदानाकडे चालत जावं. ही जमीन लष्कराच्या ताब्यात आहे. त्यामुळे इथे मनाजोगतं पक्कं बांधकाम करता येत नाही, आणि शतक उलटलेल्या क्लबांच्या कार्यालयांना लोक आजही ‘टेंट’ म्हणतात. मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे तिन्ही टेंट एका फेरफटक्यात बाहेरून पाहून होतात. वाटेत गोष्ठ पाल यांचा पुतळा लागतो. 1962 साली पद्मश्री मिळालेले हे बचावपटू तो मान मिळवणारे पहिले फुटबॉलपटू.

याच परिसरात 29 जुलै 1911 रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. एक खेळाडू सोडला तर सगळा संघ अनवाणी होता. गंमत म्हणजे त्या अकरांतले बरेचसे पूर्व बंगालचे होते. ईस्ट बंगाल क्लब निघाला तो नऊ वर्षांनी, 1 ऑगस्ट 1920 रोजी, तोही एका संघनिवडीच्या भांडणातून. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले आणि लाल-सोनेरी जर्सी त्यांच्या स्वाभिमानाची खूण झाली. पूर्वेचे ते ‘बांगाल’, इकडचे मूळचे, मोहन बागानवाले, ते ‘घोटी’. बांगाल जिंकले की घरात हिल्सा, घोटी जिंकले की कोळंबी. कोल्हापुरात पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. काळ्या-पांढऱ्या जर्सीतल्या मोहम्मेडनलाही विसरू नये: 1934 ते 1938 सलग पाच वर्षं लीग त्यांचीच होती.

भूक लागली की एस्प्लनेडजवळच्या डेकर्स लेनमध्ये शिरावं. घुगनी, टोस्ट, स्ट्यू उभ्या उभ्या खाता येतं, आणि शेजारच्याला उद्याच्या सामन्याबद्दल विचारलं की पुढची वीस मिनिटं तोच बोलतो.

सामन्याच्या दिवशी

हावड्याहून आता हुगळीखालून जाणारी मेट्रो थेट सॉल्ट लेक स्टेडियम स्थानकापर्यंत नेते. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, सामन्याआधी बायपास तुंबलेला असतो. बॅग हॉटेलवरच ठेवावी. पाण्याची बाटली, लायटर, पॉवर बँक गेटवर अडते.

तिकीट काढताना कोणती बाजू कोणाची, हे आधी विचारून घ्या आणि अंगातला शर्ट त्याला साजेसा ठेवा. हिरवा-मरून किंवा लाल-पिवळा शर्ट चुकीच्या स्टँडमध्ये चालत नाही. तटस्थ असाल तर पांढरा किंवा निळा बरा. या शिस्तीमागे जुनी जखम आहे. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवरच्या डर्बीत प्रेक्षकांत मारामारी पेटली आणि चेंगराचेंगरीत 16 जण गेले. म्हणून पोलीस दटावतील तेव्हा वाद घालू नये.

या वैराला शहराने आखलेली एक मर्यादाही आहे. ऑगस्ट 2024मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येवरून शहर पेटलं होतं आणि ड्युरँडची डर्बी रद्द झाली. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे, शिवाय मोहम्मेडनचेही पाठीराखे स्टेडियमबाहेर एकत्र येऊन न्याय मागत होते. मैदानावर आदला दिवस घालवलेल्याला याचं नवल वाटणार नाही. एकाच शहराच्या या तीन आळ्या आहेत, हे त्याने पाहिलेलं असतं.

शेवटची सूचना परतीची. संध्याकाळच्या सामन्यानंतर गर्दी ओसरायला बराच वेळ लागतो, त्यामुळे त्याच रात्रीची गाडी किंवा विमान धरण्याचा हट्ट नको. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारचं काढा. सकाळ मोकळी मिळेल, आणि कुठलाही चहावाला तुम्हाला आदल्या रात्रीचा सामना पुन्हा पहिल्या मिनिटापासून ऐकवेल.