शस्त्रक्रियेनंतर चिकटणारी आतडी

गुडघा खरचटला की जखम कडेकडून मध्याकडे भरत येते. मोठी जखम भरायला जास्त दिवस लागतात, हे मुलांनाही ठाऊक असते. पोटाच्या आतले अस्तर, म्हणजे पर्युदर, मात्र वेगळ्या रीतीने भरते. तिथे नव्या पेशी सबंध पृष्ठभागावर एकाच वेळी येऊन बसतात. त्यामुळे जखम नखाएवढी असो की तळहाताएवढी, साधारण आठवड्याभरात बुजते.

मग शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात ती का? दुखावलेल्या जागी काही तासांतच फायब्रिन या चिकट प्रथिनाचे जाळे तयार होते. निरोगी पर्युदरात प्लाझ्मिन हे एन्झाइम ते लवकरच विरघळवून टाकते. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात हे काम मंदावते. मग उरलेल्या जाळ्यात पेशी शिरतात, कोलॅजेनचे धागे घालतात, रक्तवाहिन्या येतात आणि तात्पुरत्या जाळ्याचा कायमचा पट्टा होतो. वैद्यकात याला आसंजन म्हणतात. (रुग्ण सरळ ‘आतडी चिकटली’ म्हणतात, मला तेच बरे वाटते.)

इंग्लंडमध्ये १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, पूर्वी पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या २१० जणांपैकी ९३ टक्क्यांच्या पोटात असे पट्टे सापडले. पुष्कळांना त्यांचा पत्ताही नसतो. काहींचे पोट मात्र वर्षानुवर्षे राहून राहून दुखते. पट्ट्यांत मज्जातंतूही आढळले आहेत. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये पट्टे बहुधा थेट दिसत नाहीत. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरचे म्हणू लागतात, ‘हे सगळे मनाचे खेळ!’ सुट्या मागून मागून ओशाळलेल्या शिक्षिकेला हे ऐकणे दुखण्याहून जड जाते.

पट्टे कापून का टाकत नाहीत? नेदरलँड्समध्ये अशा १०० रुग्णांच्या पोटात दुर्बिणीने पाहिले. सुमारे निम्म्यांचे पट्टे सोडवले, बाकीच्यांचे तसेच ठेवले. कोणाचे काय केले हे रुग्णांना सांगितले नाही. वर्षभराने दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम होता. हे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे दुखणे खोटे होते असा याचा अर्थ नव्हे. पट्टा सोडवणे हा त्यावर खात्रीचा इलाज ठरला नाही, एवढेच. शिवाय कापणे हीसुद्धा जखमच, आणि तिथे पुन्हा फायब्रिन आलेच.

पट्ट्याने आतडे आवळले गेले तर गोष्ट निराळी. पोट फुगले, कळा येऊ लागल्या, उलट्या थांबेनात, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर घरगुती उपाय करत न बसता त्याच वेळी रुग्णालय गाठावे आणि जुन्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना आधी सांगावी, मग ती वीस वर्षांपूर्वीची का असेना.