झिओलाइट खनिजांवर उष्णतेचा परिणाम : स्फटिकरचना व विद्युतवाहकता

प्रस्तावना :
जालना जिल्ह्याचा बहुतांश भूभाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातील वायूंमुळे राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाण्यापासून झिओलाइट गटातील खनिजे तयार झाली. विहिरी व दगडखाणी खोदताना हीलँडाइट, स्टिल्बाइट यांचे मोतिया चकाकीचे स्फटिक हाती येतात. ही खनिजे तापविली असता त्यांच्या रचनेत व विद्युतवाहकतेत होणारे बदल प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहेत.

रचनेतील बदल :
झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनिअम व ऑक्सिजन यांचा असतो. ॲल्युमिनिअममुळे त्यावर येणारा ऋण प्रभार कॅल्शियम, सोडियम इत्यादी धनायनांमुळे संतुलित होतो. हे धनायन व पाण्याचे रेणू सांगाड्यातील पोकळ वाहिन्यांत असतात. तापविल्यावर हे पाणी बाहेर पडते. १७५६ मध्ये स्वीडनचे क्रॉन्स्टेट यांनी असा दगड तापताना फेसाळल्याचे पाहून 'उकळणारा दगड' या अर्थाचे ग्रीक नाव त्यास दिले.

सर्व झिओलाइट उष्णतेस सारखाच प्रतिसाद देत नाहीत. हीलँडाइटचा सांगाडा सुमारे २५० अंश सेल्सिअसला आकुंचन पावतो आणि ४५० अंशांस दीर्घकाळ ठेवल्यास ढासळतो. तशाच सांगाड्याचे, परंतु सिलिका अधिक असलेले क्लिनोप्टिलोलाइट मात्र या तापमानास टिकते. म्हणूनच ही दोन खनिजे ओळखण्यासाठी तापविण्याची कसोटी वापरली जाते.

विद्युत गुणधर्म :
या खनिजांत विद्युतवहन मुख्यतः धनायनांच्या हालचालीने होते. तापमान वाढले की धनायनांना अधिक ऊर्जा मिळून वाहकता वाढते. परंतु त्याच वेळी पाणी निघून जाते आणि धनायन सांगाड्यातील ऑक्सिजनला घट्ट धरून राहतात. त्यामुळे वाहकता घटते. या परस्परविरोधी परिणामांमुळे पहिल्या तापनाच्या आलेखात वाहकता आधी वाढते, मग उतरते आणि पाणी गेल्यावर पुन्हा वाढू लागते. ध्रुवीय जलरेणू गेल्याने परावैद्युत स्थिरांकही कमी होतो. सांगाडा शाबूत असेल तर दमट हवेत पाणी परत शोषले जाते व तोच उंचवटा पुन्हा दिसतो; सांगाडा ढासळल्यास तो दिसत नाही.

निष्कर्ष :
पहिल्या तापनाच्या आलेखावरून थेट सक्रियण ऊर्जा काढल्यास ती खनिजाची नसून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या परिणामासह आलेली संख्या असते. मराठवाड्यात एकाच नमुन्याची एप्रिलमधील व जुलैमधील मापने यामुळेच भिन्न येऊ शकतात. म्हणून नमुन्याचे तापविण्यापूर्वीचे व नंतरचे वजन, तापविण्याचा वेग, हवेतील आर्द्रता आणि थंड होतानाची मापने नोंदवावीत, तसेच तापनापूर्वी व तापनानंतर क्ष-किरण विवर्तन चाचणी करावी. या नोंदींशिवाय वाहकतेच्या आकड्यातून खनिजाचा गुणधर्म व पाण्याचा परिणाम वेगळे करता येत नाहीत.