सोशिकपणाचे ओझे

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस मन हळवे होणे, उगाच डोळे भरून येणे, हे बहुतेक आयांच्या वाट्याला येते आणि दोनएक आठवड्यांत ओसरते. ते ओसरले नाही, बाळ झोपले तरी आईचा डोळा लागेना, जगणेच नकोसे वाटू लागले, तर तो आजार समजावा. गरोदरपणातही तो जडतो. उपचाराने तो बरा होतो.

अमेरिकेत सुमारे आठांतील एका आईला हा आजार गाठतो. पण उपचार सर्वांपर्यंत सारखा पोहोचत नाही. न्यू जर्सी राज्यात सरकारी आरोग्यसाहाय्य घेणाऱ्या बाळंतिणींची एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर मानसोपचार सुरू करणाऱ्या गोऱ्या स्त्रिया शेकडा ९ निघाल्या, कृष्णवर्णीय शेकडा ४. साहाय्य एकच असताना हा फरक का पडावा?

एक कारण स्तुतीत दडले आहे. गुलामगिरीच्या काळापासून शेतात राबलेली, परक्यांची मुले वाढवलेली ही स्त्री ‘कणखर’ म्हणून वाखाणली गेली. घरचेही तसेच म्हणतात, आणि ती स्वतः ते खरे करून दाखवू पाहते. मग रडायचे कोठे? दवाखान्यात बोलावे, तर सरकार मूल काढून नेईल ही धास्ती; आणि सरकारी ताब्यात गेलेल्या मुलांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असल्याने ती अनाठायी म्हणता येत नाही.

बोलूनही विश्वास बसेल याची खात्री नसते. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला २०१७ साली प्रसूतीनंतर श्वास घेता येईना. गुठळ्यांची शंका तिने स्वतः सांगितली, तरी योग्य तपासणीसाठी तिला हट्ट धरावा लागला. फुप्फुसांत गुठळ्या निघाल्या. शरीराच्या दुखण्याची ही कथा. मनाचे दुखणे तर यंत्रात दिसत नाही.

ते ओळखण्यासाठी एडिंबरो येथे तयार झालेली दहा प्रश्नांची यादी १९८७ पासून उपलब्ध आहे. पाच मिनिटांचे काम. मात्र विचारणारे माणूस विश्वासाचे हवे. म्हणूनच तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना आपल्यातल्या सुईणी व सोबतिणी उभ्या करीत आहेत, आणि २०१८ पासून दर एप्रिलात मातृस्वास्थ्य सप्ताह पाळतात.

‘सोशिक’ हा शब्द आपल्याकडेही कौतुकाचाच आहे. बाळ पाहायला जाल तेव्हा आईलाही विचारा, झोप लागते का. आणि उत्तर येईपर्यंत थांबा, एवढीच आमची विनंती.