तुरट जामाची गोष्ट

कच्चा जाम, म्हणजे पेरू, चावला की तोंड कसं आवळून येतं, पोट्टेहो? ती झाडाची चाल आहे. आतल्या बिया कोवळ्या असतानाच कोणी फळ फस्त केलं तर झाडाचा वंश कसा वाढणार? म्हणून फळात असतं टॅनिन. ते आपल्या लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो अन् जीभ खरखरीत लागते. बिया टणक झाल्या की तुरटपणा ओसरतो, गोडी चढते, घमघमाट सुटतो. मग पोपट अन् वटवाघळं येतात. बिया त्यांना पचत नाहीत. विष्ठेतून पडतात तिथं रुजतात. आपल्या मूर्तिजापुरात कोणाच्या कुंपणाला न लावता जाम उगवला, तर तो असाच आलेला समजा.

पण याचं माहेर इथलं नाही बरं! ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. आपल्या देशात त्याला पोर्तुगीजांनी आणलं. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला. तिथले लोक त्याला कुआवा म्हणू लागले.

आता गंमत ऐका. आपल्या आजीला हवाई माहीत नाही अन् हवाईच्या आजीला मूर्तिजापूर. तरी पोट बिघडलं की दोघींचा हात जातो जामाच्या कोवळ्या शेंड्यांकडेच! तिथं ते चावून खातात, इथं उकळून काढा करतात. तोंड आलं, हिरड्या दुखल्या, तर त्याच काढ्याच्या गुळण्या. कारण टॅनिन पानांतही असतं, ते आतड्याचं अस्तर आवळतं. शिवाय पानांतलं क्वेर्सेटिन आतड्याची मुरड शांत करतं. मात्र जुलाब जोराचे असतील, तर आधी मीठ-साखरेचं पाणी अन् डॉक्टर, काढा मागाहून.

लाकूडही चिवट. हवाईत जमिनीत खणलेल्या भट्टीला ते सरपण म्हणून लागतं. आपले पोट्टे त्याचं दुबेळकं हेरून गुलेल करतात. अन् अमरावतीच्या संत्र्यानं कितीही तोरा मिरवावा, क जीवनसत्त्व जामात त्याच्या चौपट!

हे सगळं झाडानं आपल्यासाठी केलं का? छे! पान तुरट झालं ते खाणाऱ्या किड्यांना हाकलायला. त्याचं औषध केलं ते चाखून, पारखून लक्षात ठेवणाऱ्या बायामाणसांनी, दोन्ही टोकांना.